क्रिप्टो नेटवर्कचा सेन्सॉरशिप-प्रतिकार कसा तपासायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासायचं नेमकं काय असतं?

नियमात बसणारा आणि पुरेशी फी देणारा व्यवहार, तो कोणाचा आहे हे न बघता, वाजवी वेळेत साखळीत (ब्लॉकचेनमध्ये) जातो का आणि गेल्यावर तिथे टिकतो का, एवढंच. पण या वाक्यातला प्रत्येक तुकडा वेगळा मोजावा लागतो, आणि बहुतेक चाचण्या इथेच ढिल्या पडतात. ‘व्यवहार शेवटी गेला ना, मग झालं’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. किती उशिरा गेला? जास्तीची फी किती मोजावी लागली? तसाच दुसरा, कुणाच्याही काळ्या यादीत नसलेला व्यवहार त्याच वेळी किती लवकर गेला? हे तीन आकडे हातात नसतील, तर नेटवर्क खुलं आहे असंही म्हणता येत नाही आणि बंद आहे असंही नाही.

डिसेंबर २०१० मध्ये मोठ्या कार्ड आणि पेमेंट कंपन्यांनी विकिलीक्सला मिळणाऱ्या देणग्यांची वाट बंद केली, तीही कुठल्या न्यायालयाच्या निकालाशिवाय. जून २०११ पासून विकिलीक्सने बिटकॉइनमध्ये देणग्या घ्यायला सुरुवात केली. अशा प्रसंगी ज्याला दुसरी वाटच उरलेली नसते, तो नेटवर्कच्या दाव्यावर भरवसा ठेवतो. म्हणून तो दावा आधी कुणीतरी नीट तपासलेला असला पाहिजे.

माझा व्यवहार तासभर अडकला. सेन्सॉर झाला का?

बहुधा नाही. बिटकॉइनमध्ये व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांतून साखळीत जातात. दोन ब्लॉकमधलं सरासरी अंतर दहा मिनिटांचं, पण ब्लॉक घड्याळ लावून येत नाहीत. निव्वळ योगायोगाने तासाभराहून मोठं अंतर साधारण चारशे वेळांत एकदा पडतं. दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर दर दोन-तीन दिवसांनी एकदा. त्या तासात कुणाचाच व्यवहार जात नाही.

दुसरं नेहमीचं कारण फीचं. तुमचा व्यवहार एखाद्या आधीच्या, अजून पक्क्या न झालेल्या व्यवहारावर अवलंबून असेल आणि त्या आधीच्याची फी तुटपुंजी असेल, तर दोघेही रखडतात. शिवाय बिटकॉइन कोअर या नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या मेम्पूलला (ब्लॉकची वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या साठ्याला) मूळ सेटिंगमध्ये ३०० एमबीची मर्यादा आहे. ती भरली की कमी फीचे व्यवहार बाहेर पडतात, आणि ३३६ तास पडून राहिलेला व्यवहारही काढला जातो. यात कुणी कुणाला लक्ष्य केलेलं नसतं.

मग फरक ओळखायचा कसा?

जोडीने पाठवून. एक लक्ष्य व्यवहार आणि एक नियंत्रण व्यवहार. दोघांचा आकार सारखा, प्रति व्हर्च्युअल बाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) फी सारखी, पाठवण्याची वेळ सारखी, स्क्रिप्टचा (पैसे खर्चायच्या अटींचा) प्रकार सारखा. फरक फक्त त्या एका गोष्टीचा, जिच्यामुळे अडवणूक होते असा तुम्हाला संशय आहे. दोन्ही एकाच नोडमधून (नेटवर्कमधल्या संगणकातून) सोडू नका, आणि एकदा या नोडमधून लक्ष्य तर पुढच्या खेपेला नियंत्रण, अशी अदलाबदल करत राहा. नाहीतर मोजलं जाईल ते तुमच्या नोडचं कनेक्शन.

आणि हो, ‘पाठवला’ ती वेळ धरू नका. वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांना थेट न जोडलेल्या निरीक्षक नोडच्या मेम्पूलमध्ये तो पहिल्यांदा दिसला ती वेळ धरा. व्यवहार पसरलाच नसेल तर मायनरवर (ब्लॉक बांधणाऱ्यावर) खापर फोडण्यात अर्थ नाही.

अडवणूक कुठे कुठे होऊ शकते?

लोक ‘चेन सेन्सॉर होते’ असं सरसकट म्हणतात, पण पाणी वेगवेगळ्या ठिकाणी मुरतं.

वॉलेट ज्या आरपीसी सेवेतून (नेटवर्कशी जोडून देणाऱ्या मध्यस्थातून) बोलतं ती सेवा नकार देऊ शकते. मार्च २०२२ मध्ये इन्फुरा या अशाच सेवेच्या चुकीच्या सेटिंगमुळे व्हेनेझुएलातल्या मेटामास्क वॉलेटच्या काही वापरकर्त्यांना इथेरियमपर्यंत पोहोचताच येईना. इथेरियम तर नेहमीसारखं चालू होतं. दुसरी जागा टोकनची. ऑगस्ट २०२२ मध्ये टॉर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग पुसणाऱ्या सेवेवर अमेरिकी निर्बंध आले तेव्हा सर्कल कंपनीने यूएसडीसी या आपल्या डॉलरशी जोडलेल्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच (साखळीवरच्या प्रोग्रॅममध्ये) त्या सेवेचे पत्ते गोठवले. अशा वेळी व्यवहार ब्लॉकमध्ये जातो, पण फसतो. तिसरी जागा नोडांच्या आपसातल्या जाळ्याची, चौथी ब्लॉक बांधणाऱ्याची, आणि पाचवी सगळ्यात गंभीर: दुसऱ्याने बांधलेला ब्लॉकच बहुमताने नाकारण्याची.

चाचणीच्या अहवालात या पाचांपैकी कुठली जागा तपासली ते पहिल्याच ओळीत यायला हवं.

नव्वद टक्के मायनर अडवत असतील तर सगळं संपलं का?

ते नुसते वगळतात की इतरांचे ब्लॉकही पाडतात, म्हणजे नाकारून साखळीबाहेर ठेवतात, यावर सगळं अवलंबून आहे.

नुसते वगळत असतील तर हिशेब सोपा आहे. उरलेल्या दहा टक्क्यांना सरासरी दहा ब्लॉकमागे एक मिळतो, म्हणजे साधारण शंभर मिनिटांत व्यवहार जातो. पूर्ण दिवस, १४४ ब्लॉक, वाट बघूनही न जाण्याची शक्यता चाळीस लाखांत एक. अडवणारे ९९ टक्के झाले की चित्र पालटतं: सरासरी शंभर ब्लॉक, जवळपास सतरा तास, आणि दिवसभरात न जाण्याची शक्यता चारातली एक. म्हणजे ९० वरून ९९ पर्यंतचा प्रवास शून्यावरून ९० पर्यंतच्या प्रवासापेक्षा जास्त त्रासदायक. ‘बहुसंख्य मायनर प्रामाणिक आहेत का’ यापेक्षा ‘हट्टाने न ऐकणारा छोटा गट शिल्लक आहे का’ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, तो याचमुळे.

ब्लॉक पाडायला लागले तर मात्र पन्नास टक्क्यांची रेषा निर्णायक ठरते. अर्ध्याहून जास्त हॅशरेट (मायनिंगची संगणकीय ताकद) एकदिलाने लक्ष्य व्यवहाराचे ब्लॉक नाकारत राहिला, तर व्यवहार साखळीत शिरतो आणि पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो. अर्ध्याहून कमी असलेला गटही नुसती धमकी देऊन काम साधू शकतो: ‘हा व्यवहार घेतलात तर तुमच्या ब्लॉकवर आम्ही काही काळ बांधणार नाही.’ मग आपला ब्लॉक वाया जाण्याचा धोका तोलून इतर मायनर मुकाट्याने तो व्यवहार टाळू लागतात. चाचणीत ‘किती वेळात शिरला’ इतकंच मोजलं तर हा प्रकार नजरेतून सुटतो. सहा ब्लॉक वर चढेपर्यंत टिकला का, तेही मोजा.

स्वतःच्या मशीनवर हे उभं कसं करायचं?

बिटकॉइनसाठी रेगटेस्ट, म्हणजे स्वतःच्या मशीनपुरतं खासगी चाचणी-नेटवर्क. इथे ब्लॉक हुकमाने तयार होतो, कुणाच्या पैशाला धक्का लागत नाही, आणि प्रयोग हवा तितका पुन्हा चालवता येतो. आठ-दहा नोड पुरे. प्रत्येकाला हॅशरेटचा वाटा ठरवून द्या आणि पुढचा ब्लॉक कुणी काढायचा ते त्या वाट्याच्या प्रमाणात यादृच्छिक सोडतीने ठरवा. सुरुवातीला १०१ ब्लॉक काढावे लागतात, कारण नव्या ब्लॉकचं बक्षीस शंभर ब्लॉक उलटल्याशिवाय खर्चता येत नाही. आणखी एक खाचखळगा: रेगटेस्टमध्ये बक्षीस दर १५० ब्लॉकनंतर निम्मं होतं. लांबलचक प्रयोग चालवला की वॉलेट कोरडं पडतं, व्यवहार पाठवले जात नाहीत, आणि आलेखावर ते हुबेहूब सेन्सॉरशिपसारखं दिसतं. पुरेसे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा.

अडवणारा मायनर बनवायला कोड बदलायची गरज नाही. ‘प्रायोरिटाइजट्रान्झॅक्शन’ ही कमांड द्या आणि लक्ष्य व्यवहाराला मोठा उणे फी-फरक लावा. तो नोड व्यवहार मेम्पूलमध्ये ठेवतो, पण स्वतःच्या ब्लॉकच्या आराखड्यात घेत नाही. त्याच व्यवहारातून पुढे काढलेले व्यवहारही आपोआप मागे राहतात. हा परिणाम जरूर मोजा: एका पत्त्याला अडवलं की त्याच्याकडून पैसे घेतलेल्या, काहीही संबंध नसलेल्या माणसाचंही अडतं. ब्लॉक नेमके हवे त्या व्यवहारांचे बांधायचे असतील तर ‘जनरेटब्लॉक’ आहे.

ब्लॉक पाडणाऱ्या बहुमताची नक्कल करायची तर अडवणाऱ्या नोडवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. नवा ब्लॉक आला, त्यात लक्ष्य व्यवहार दिसला, की ‘इनव्हॅलिडेटब्लॉक’. तो नोड मागच्या ब्लॉकवरून पुढे बांधू लागतो. त्याच्या गटाचा वाटा ५५ टक्के ठेवून काही शे ब्लॉक चालवा आणि प्रामाणिक नोडचे लॉग उघडून बघा. व्यवहार ब्लॉकमध्ये जातो, तो ब्लॉक बाद होऊन साखळीची पुनर्रचना होते, तो मेम्पूलमध्ये परत येतो, पुन्हा पुढच्या ब्लॉकमध्ये जातो. वाटा ४५ वर आणला की उशीर होतो, पण साखळी त्याला सामावून घेते. कागदावरचा तो पन्नास टक्क्यांचा आकडा अंगाला कसा लागतो, हे लॉग वाचताना जितकं कळतं तितकं सूत्रातून कळत नाही.

इंटरनेट पुरवठादाराने अडवलं तर? त्याची चाचणी?

ती वेगळी करा, वरच्या प्रयोगात मिसळू नका. बिटकॉइनचे नोड वर्षानुवर्षं उघड्या मजकुरात बोलत होते. मुख्य नेटवर्कवरचा प्रत्येक संदेश त्याच चार ठरलेल्या बाइटनी सुरू व्हायचा, त्यामुळे वाटेवरच्या यंत्राला तो ओळखणं सोपं होतं. बिप-३२४ या सुधारणा-प्रस्तावाने हे संभाषण कूटबद्ध केलं. बिटकॉइन कोअरच्या २६.० आवृत्तीत, डिसेंबर २०२३ मध्ये, ते ऐच्छिक आलं आणि २७.० पासून मूळ सेटिंगमध्येच चालू असतं. पण नोड अजूनही ८३३३ याच पोर्टवर ऐकत बसला असेल तर ओळख पोर्टवरूनच पटते.

म्हणून टप्प्याटप्प्याने गळा आवळून बघा. आधी डीएनएस सीड (सुरुवातीचे सोबती नोड सुचवणारे सर्व्हर) बंद करा; नोड सॉफ्टवेअरमध्येच दिलेल्या पत्त्यांवरून सोबती शोधतो का? मग पोर्ट बंद करा. मग संदेशांची ओळख पटवून कनेक्शन तोडणारा फिल्टर लावा. शेवटी फक्त टोर किंवा आयटूपी या ओळख लपवणाऱ्या जाळ्यांची वाट उघडी ठेवा. प्रत्येक टप्प्यावर पहिला ब्लॉक मिळायला आणि पहिला व्यवहार बाहेर पडायला किती वेळ लागला, ते नोंदवा.

एक्लिप्स हल्लाही इथलाच: नोडचे सगळे सोबती हल्लेखोराचेच निघाले की त्या नोडला तो दाखवेल तेवढंच जग दिसतं. २०१५ मध्ये हा धोका सविस्तर मांडला गेला आणि त्यानंतर बिटकॉइन कोअरमध्ये बरेच बचाव आले. रीस्टार्टनंतर आधीच्या दोन, फक्त ब्लॉक पोहोचवणाऱ्या सोबत्यांशी पुन्हा जोडणं हा त्यातलाच एक. तुमच्या चेनचा नोड रीस्टार्ट झाल्यावर काय करतो, हे बघितलं आहे का? अनेक छोट्या चेन जुन्या बिटकॉइन कोडवरून निघाल्या आणि मूळ कोडमधल्या पुढच्या सुधारणा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

मुख्य नेटवर्कवर निर्बंधित पत्त्याला पैसे पाठवून बघू का?

नको. अनेक देशांत तो सरळसरळ गुन्हा ठरू शकतो, आणि ‘चाचणी होती’ हा बचाव चालेलच असं नाही. शिवाय त्याची झळ दुसऱ्यांना बसते. ऑगस्ट २०२२ मध्ये कुणीतरी टॉर्नेडो कॅशमधून प्रसिद्ध व्यक्तींच्या पत्त्यांवर ०.१ इथर (इथेरियमचं नाणं) पाठवला. घेणाऱ्यांनी काहीही केलेलं नसताना त्यांच्यापैकी काहींना ॲप्सनी दार बंद केलं.

मुख्य नेटवर्कवर निरीक्षण करा. तिथे लोकांचे खरे व्यवहार चालूच असतात, आपण फक्त मोजायचं.

निरीक्षणातून काय हाती लागतं?

बरंच. पद्धत अशी: आपला नोड चालू ठेवायचा, ‘गेटब्लॉकटेम्प्लेट’मधून दर थोड्या वेळाने ‘आत्ता मी ब्लॉक बांधला असता तर काय घेतलं असतं’ तो आराखडा साठवायचा, आणि खरा ब्लॉक आला की दोन्ही ताडून बघायचे. माझ्या आराखड्यात होते पण ब्लॉकमध्ये नाहीत ते व्यवहार, आणि उलटेही.

या पद्धतीने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका स्वतंत्र बिटकॉइन डेव्हलपरने दाखवून दिलं, की निर्बंधित पत्त्यांशी संबंधित काही व्यवहार काही ब्लॉकमधून गायब आहेत. सहा व्यवहार तपासल्यावर त्यातले चार एफटूपूल या मायनिंग पूलने (एकत्र काम करणाऱ्या मायनरांच्या गटाने) गाळले असावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. उरलेल्या दोघांना साधी कारणं असू शकत होती आणि तसं त्याने स्पष्ट लिहिलं. थोड्याच दिवसांत पूलच्या सहसंस्थापकाने फिल्टर असल्याचं मान्य केलं आणि तो बंद करत असल्याचं सांगितलं. हे काम मला आदर्श वाटतं. त्याने हाती असलेल्या पुराव्यापेक्षा मोठा दावा केला नाही, म्हणूनच त्याचा आवाज ऐकला गेला.

त्याआधी, मे २०२१ मध्ये, मॅरेथॉन या मायनिंग कंपनीच्या पूलने निर्बंधांचं पालन करणारा ब्लॉक काढल्याची जाहीर घोषणाच केली होती. टीका झाली आणि महिना संपता संपता त्यांनी फिल्टर सोडून दिला.

किती नमुने पुरेसे?

एका ब्लॉकमधून एक व्यवहार सुटला, तर काहीच सिद्ध होत नाही. पूलचा आराखडा काही सेकंद जुना असतो, नवा ब्लॉक सापडताच काही जण आधी रिकाम्या आराखड्यावर काम सुरू करतात, काही जण बाहेरून पैसे घेऊन एखादा व्यवहार रांग मोडून आधी घेतात. समजा, चांगली फी देणारा व्यवहार निव्वळ अशा कारणांनी सुटण्याची शक्यता दोन टक्के आहे. मग एकाच पूलने चार वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले व्यवहार गाळले, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता साठ लाखांत एकच्या आसपास जाते.

यातला ‘एकमेकांशी संबंध नसलेले’ हा शब्दप्रयोग जपून वापरा. चारही व्यवहार एकातून एक निघालेले असतील तर तो खरा एकच नमुना आहे. आणि हजारो व्यवहार, डझनभर पूल चाळून मग ‘हे बघा विचित्र सापडलं’ म्हणालात, तर एवढ्या चाळणीत काहीतरी विचित्र सापडणारच होतं. संशय आधी लिहून ठेवा, मग आकडे बघा.

स्पॅम गाळणं म्हणजे सेन्सॉरशिप का?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. चाचणीपुरतं मी असं धरतो: आकार, फी, स्क्रिप्टचा प्रकार अशा सगळ्यांना सारख्या लागू होणाऱ्या, जाहीर नियमाने गाळलं तर ते धोरण, पाठवणारा किंवा घेणारा कोण यावरून गाळलं तर ती अडवणूक. मधला पट्टा धूसर आहे, कारण एखादा गट एकाच विशिष्ट प्रकारची स्क्रिप्ट वापरत असेल तर त्या प्रकारावरचा नियम त्या गटावरच पडतो. असे निकाल वेगळ्या रकान्यात टाका आणि नियमही सोबत छापा.

इथेरियमची चाचणी वेगळी का?

कारण तिथे ब्लॉक बांधणारा, तो पोहोचवणारा (रिले) आणि मांडणारा (व्हॅलिडेटर) असे तिघे वेगळे असू शकतात. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर (मायनरांची जागा व्हॅलिडेटरांनी घेतली त्या बदलानंतर) बहुतेक व्हॅलिडेटर एमईव्ही-बूस्ट या सॉफ्टवेअरमधून तयार ब्लॉक घेऊ लागले, आणि मोठे रिले अमेरिकी निर्बंधांच्या यादीतले पत्ते गाळत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त ब्लॉक अशा रिलेमधून येत होते. न गाळणारे रिले वाढले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हे प्रमाण निम्म्याखाली आलं.

तरी टॉर्नेडो कॅशचे व्यवहार बंद पडले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना ब्लॉकमध्ये जायला सरासरी १६ सेकंद लागत होते, नोव्हेंबरमध्ये २९. स्लॉट (एका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ) बारा सेकंदांचा असल्यामुळे हा उशीर एखाद्या जादा स्लॉटएवढा भरतो. काहींनी यावरून ‘बघा, काही बिघडलं नाही’ असं म्हटलं. मला ते घाईचं वाटतं. पैसे पाठवणाऱ्याला तेरा सेकंदांनी फरक पडत नाही, पण लिलावात बोली लावणाऱ्याला किंवा तारण वाचवणाऱ्याला एक स्लॉट चुकणं महागात पडतं. शिवाय तेव्हा गाळणाऱ्यांपैकी कुणी इतरांचे ब्लॉक नाकारत नव्हतं.

दोष कुणाचा हे ठरवताना घोळ होतो. रिलेने गाळलेल्या ब्लॉकचं खापर व्हॅलिडेटरवर फोडण्याआधी त्याने ठरावीक किमतीखालच्या बोली नाकारून स्वतः ब्लॉक बांधण्याची सोय चालू ठेवली होती का ते बघा.

समावेश-याद्यांनी हा प्रश्न सुटेल?

ईआयपी-७८०५ हा इथेरियम-सुधारणेचा प्रस्ताव, म्हणजे फोसिल, असं सुचवतो की प्रत्येक स्लॉटला निवडलेले १६ व्हॅलिडेटर, घ्यायलाच हव्यात अशा व्यवहारांच्या आपापल्या याद्या देतील आणि त्यातले व्यवहार वगळणाऱ्या ब्लॉकला इतर व्हॅलिडेटर मत देणार नाहीत. कल्पना भक्कम आहे. चाचणी करायची तर तिच्या कडा तपासा. ब्लॉक पूर्ण भरलेला असेल तर यादीतला व्यवहार वगळायला मुभा आहे, म्हणजे हल्लेखोर मुद्दाम ब्लॉक भरत राहील. पण भरलेल्या प्रत्येक ब्लॉकमागे बेस फी (प्रत्येक व्यवहाराला द्यावीच लागणारी किमान फी) साडेबारा टक्क्यांनी वाढते. सलग वीस ब्लॉक, म्हणजे चार मिनिटं, भरत राहिलं की ती दहापटीपुढे जाते. डेव्हनेटवर (विकासकांच्या चाचणी-नेटवर्कवर) हाच खर्च मोजा: एका व्यवहाराला अमुक मिनिटं रोखायला हल्लेखोराला किती पैसे पडतात? सेन्सॉरशिप-प्रतिकार सांगायचं याहून प्रामाणिक एकक मला माहीत नाही.

लेयर-२ चं काय?

लेयर-२ म्हणजे मूळ साखळीच्या (लेयर-१) वर चालणारं नेटवर्क. तिथे बहुधा एकच सीक्वेन्सर, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणारा, असतो, त्यामुळे तो अडवू शकतो हे उघडच आहे. जून २०२४ मध्ये व्हेलोकोर या एक्स्चेंजवरच्या हल्ल्यानंतर लिनिया या लेयर-२ ने ब्लॉक काढणं थांबवलं आणि हल्लेखोराचे पत्ते अडवले. तपासायची ती सीक्वेन्सरला बगल देणारी वाट. आर्बिट्रममध्ये २४ तासांनी लेयर-१ वरून व्यवहार बळेच घुसवता येतो; ऑप्टिमिझममध्ये ही मुदत बारा तासांची. सीक्वेन्सर बंद करून ती वाट खरंच चालवून बघा. साध्या वॉलेटने जमतं की हाताने कॉन्ट्रॅक्ट बोलवावा लागतो? लेयर-१ ची फी भडकलेली असताना छोट्या शिलकीच्या माणसाला परवडतं का?

टेस्टनेटवर पास झालं तर पुरे ना?

नाही. टेस्टनेटच्या नाण्याला किंमत नसते, म्हणून तिथे अडवायचा मोहही नसतो आणि दबावही नसतो. कोड बरोबर चालतो एवढंच तिथे कळतं.

निकाल कसे मांडावेत?

कच्च्या नोंदी सोबत द्या: निरीक्षक नोडच्या वेळा, साठवलेले आराखडे, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, सोडतीचा बीजांक. सरासरीसोबत सगळ्यात वाईट पाच टक्के किती रखडले तेही द्या, कारण अडवणुकीचा मार सरासरीला नाही, त्या शेपटाला बसतो. पूलचं किंवा रिलेचं नाव घेण्याआधी त्यांना नोंदी दाखवून उत्तराची संधी द्या. कधीकधी खरोखरच त्यांचा नोड मेम्पूल भरल्यामुळे मागे पडलेला असतो. आणि चाचणी एकदाच करून थांबू नका. फिल्टर एका सेटिंगने बिनबोभाट चालू होतो, त्यामुळे मागच्या तिमाहीतला स्वच्छ अहवाल आजच्या ब्लॉकबद्दल काही सांगत नाही. निरीक्षक नोड चालूच ठेवा, आणि आराखडा-तुलना रोज आपोआप प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था लावा.